इंग्रजी शब्द वाढवायचे असतील तर खाण्यापिण्याबद्दल वाचा, आणि सुरुवात घरच्या पाटोडीपासून करा

शब्दसंग्रह कसा वाढवायचा हे माझ्याकडे शिकवणीला येणारं जवळपास प्रत्येक पोट्टं पहिल्या आठवड्यातच विचारतं. कोणी काटोलचं, कोणी उमरेडचं, कोणी इथलंच, नागपुरातल्या महाल नाहीतर सक्करदऱ्याचं, बारावीपर्यंत मराठी मीडियम, आता कॉलेज आणि सोबत बँकेची किंवा एमपीएससीची तयारी चालू. आणि बॅगेत एक जाडजूड पुस्तक, हजारो शब्दांची यादी, समोर मराठी अर्थ, 'ए'पासून सुरू केलेलं आणि 'सी'च्या आसपास सोडून दिलेलं. मेहनत कमी पडली असं नसतं, पोट्टे रात्री बारा-बारा वाजेपर्यंत पाठ करून राहिले असतात, पण यादीतल्या शब्दाला डोक्यात बसायला जागाच नसते, ना त्याच्या आगे काही ना मागे काही, मग तो दोन दिवसांत उडून जातो.

म्हणून मी एकच गोष्ट सांगते आणि ती अगदी कळकळीने सांगते. ज्या गोष्टीची चव, वास, कृती तुम्हाला आधीच माहीत आहे तिच्याबद्दल इंग्रजीत वाचा. विषय पक्का माहीत असला की नवा राहतो तो फक्त शब्द, आणि तोही बाजूच्या वाक्यांवरून अर्धा ओळखू येतो. खाणं यासाठी सगळ्यात भारी, कारण घरात इंग्रजी पेपर येत नसला तरी स्वैपाक रोज होतो, आणि तो तुम्ही लहानपणापासून बघून राहिले आहात.

तर सुरुवात रेसिपीने करा, आणि रेसिपी पण घरी बनते तीच. पास्ता नाही, केक नाही, पाटोडी रस्सा घ्या, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि रस्सा. आधी मोबाईल बाजूला ठेवा आणि पूर्ण कृती मराठीत मोठ्याने स्वतःलाच सांगा, नाहीतर आईला विचारा, तिला तर आवडेलच सांगायला. पाण्याला फोडणी द्यायची, बेसन हळूहळू सोडायचं, गुठळ्या होऊ नये म्हणून हलवत राहायचं, घट्ट गोळा झाला की ताटाला तेल लावून थापायचं, वरून खोबरं-सांबार (म्हणजे कोथिंबीर) भुरभुरायचं, चौकोनी तिरप्या वड्या पाडायच्या. रश्श्यासाठी कांदा, सुकं खोबरं, खसखस भाजून वाटण, मसाला, तेल सुटेपर्यंत परतायचं, मग पाणी घालून मंद आचेवर ठेवायचं. आता नेटवर हीच रेसिपी इंग्रजीत शोधा आणि वाचा.

मागे एका मुलीसोबत मी हेच वाचत बसले होते. 'ग्रीस अ प्लेट' आलं. तिला 'ग्रीस' म्हणजे गाडीचं ग्रीस एवढंच माहीत. मी काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं की बेसन थापायच्या आधी ताटाचं काय करता तुम्ही घरी? ती म्हणाली, तेल लावतो, आणि तिथेच थांबून हसली, तिला कळलं होतं. पुढे 'लम्प्स' आलं तर ते तिने विचारलंच नाही, कारण बेसन हलवताना कशाची भीती असते हे काय तिला कोणी शिकवायला पाहिजे? 'टिल द ऑइल सेपरेट्स' म्हणजे तेल सुटेपर्यंत, 'सिमर' म्हणजे मंद आचेवर हळूहळू उकळत ठेवणं, हे तिने डिक्शनरी न उघडता सांगितलं. डिक्शनरी नंतर उघडायची, खात्री करायला. आधी अंदाज, मग खात्री, हा क्रम उलटा करू नका, कारण अंदाज लावताना डोकं जे जोर लावतं त्यानेच शब्द बसतो.

रेसिपीत नावांच्या मागे लागू नका. जिऱ्याला काय म्हणतात, हिंगाला काय म्हणतात, हे येईल आपोआप. क्रियापदं पकडा. आपल्याकडे भाजणं, परतणं, तळणं, शेकणं, वाफवणं, उकडणं किती वेगवेगळं आहे आणि आपण कधी गोंधळत नाही, मग इंग्रजीत सगळ्यालाच 'कुक' का म्हणायचं? कोरडं भाजणं 'ड्राय रोस्ट', थोड्या तेलात परतणं 'सॉते', भरपूर तेलात तळणं 'डीप फ्राय', वाफवणं 'स्टीम', भिजवणं 'सोक', निथळणं 'ड्रेन', कणीक मळणं 'नीड', दही फेटणं 'व्हिस्क', जाडसर वाटणं 'कोर्सली ग्राइंड', फोडणी देणं 'टेम्पर', मोहरी तडतडणं 'स्प्लटर'. एका साध्या भाजीच्या रेसिपीत यातले आठ-दहा तरी सापडतात, आणि पुढच्या रेसिपीत तेच परत येतात, आणि त्याच्या पुढच्या रेसिपीत परत. तेच शब्द वेगळ्या वाक्यात पुन्हा पुन्हा भेटणं हेच तर पाहिजे आपल्याला.

किती कठीण वाचायचं हाही प्रश्न असतो. २००० साली हू आणि नेशन या दोघांचा एक अभ्यास आला होता, त्यात असं दिसलं की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. आपण विषय ओळखीचा घेऊन राहिलो आणि हाताशी डिक्शनरी आहे म्हणून मी शंभरात पाचपर्यंत चालवून घेते. पहिला पॅराग्राफ वाचा आणि अनोळखी शब्द बोटांवर मोजा, शंभरेक शब्दांत एक हात पूर्ण भरून दुसरा सुरू झाला तर तो लेख सोडा, दुसरा घ्या, त्यात कमीपणा काही नाही. कठीण लेख दोन महिन्यांनी परत उघडा.

आता याद्यांबद्दल जरा नीट बोलते, कारण खाण्याचा विषय म्हटला की लोक लगेच वीस भाज्या, वीस फळं, वीस मसाले असे तक्ते काढून भिंतीला चिकटवतात. असं करू नका. टिंकहॅम नावाच्या संशोधकाने १९९३ आणि १९९७ मध्ये हे तपासलं होतं. एकाच जातीचे शब्द, म्हणजे सगळी फळंच किंवा सगळे कपडेच, एकदम शिकायला घेतले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. पण एका प्रसंगातले शब्द, ज्यात नाव, क्रिया, गुण सगळं येतं, ते सोपे जातात. माझ्या अनुभवातही हेच. दुधी भोपळा, दोडका, कोहळा, कारलं यांची इंग्रजी नावं एका बैठकीत पाठ करा, सगळ्यात 'गोर्ड' येतं आणि चौथ्या दिवशी कोणतं कशाचं ते सांगता येत नाही. त्याऐवजी कारल्याची एकच रेसिपी वाचा, त्यात 'बिटर' येईल, 'स्लाइस' येईल, मीठ लावून 'सेट असाइड' येईल, पाणी पिळून टाकायचं 'स्क्वीझ' येईल, 'क्रिस्प' येईल. हे पाच शब्द एका कढईत शिजलेले आहेत, एक आठवला की बाकीचे मागोमाग येतात.

वहीत लिहिताना एकटा शब्द लिहू नका, जोडीने लिहा. कडक चहाला इंग्रजीत 'स्ट्राँग टी' म्हणतात, 'हार्ड टी' नाही. शिळी पोळी 'स्टेल', पण शिळं म्हणजे काल उरलेलं अन्न 'लेफ्टओव्हर्स'. जड जेवण 'हेवी मील', कमी तिखट रस्सा 'माइल्ड', पिकलेलं फळ 'राइप'. आणि आपण नाश्ता 'करतो' म्हणून इंग्रजीतही 'डू ब्रेकफास्ट' लिहून मोकळे होतो, तिथे 'हॅव' पाहिजे. जेवण चुकवलं तर 'स्किप्ड लंच'. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तर 'सेकंड हेल्पिंग'. अशा जोड्या मी मुलांकडून पूर्ण वाक्यात लिहून घेते आणि वाक्य त्यांच्या घरातलं पाहिजे, पुस्तकातलं नाही, म्हणजे 'माझा भाऊ वडाभात असला की दुसऱ्यांदा वाढून घेतोच' असं काहीतरी इंग्रजीत.

रेसिपी सोडून फुकटचं वाचन म्हणजे पाकिटं. बिस्किट, सॉस, लोणचं, नूडल्स, जे घरात येईल ते फेकायच्या आधी पाच मिनिटं वाचा. आपल्या देशात नियम आहे की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी, त्यामुळे वाचताना शब्दही कळतात आणि आपण काय खाऊन राहिलो तेही कळतं. 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' हा मैदाच, हे कळल्यावर कितीतरी मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. 'अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर' आणि पुढे ३३० नंबर दिसला की ते सायट्रिक अ‍ॅसिड. 'मे कंटेन ट्रेसेस ऑफ नट्स' मधलं 'ट्रेसेस' म्हणजे अगदी किंचित अंश, हाच शब्द पुढे पोलिसांच्या बातमीत मागमूस या अर्थाने भेटतो. 'डू नॉट अ‍ॅक्सेप्ट इफ टॅम्पर्ड' मध्ये 'टॅम्पर' आहे, सील छेडलेलं असेल तर घेऊ नका, आणि फोडणीवाला तो 'टेम्पर', दोन्हीत एकाच अक्षराचा फरक. 'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय' यातला फरक तर प्रत्येक घरात माहीत पाहिजे, पहिल्यात तारीख गेली की चव-दर्जा उतरू शकतो, दुसऱ्यात तारीख गेली की खायचंच नाही.

ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे त्यांच्यासाठी तर खजिनाच आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, त्यामुळे या फळावर इंग्रजीत वाचायला भरपूर. नरखेडकडचा एक मुलगा होता, इंग्रजीचं नाव काढलं की मान खाली. त्याला मी आंबिया बहाराबद्दलचं एक पान दिलं. मृग बहार पावसासोबत जून-जुलैत फुटतो, आंबियाला हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो मग जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं, हे सगळं त्याला तोंडपाठ. पानावर 'वॉटर स्ट्रेस' होतं. 'स्ट्रेस' म्हणजे टेन्शन असं क्लासमध्ये सगळे म्हणत होते, याने सरळ सांगितलं, मॅडम हा ताण आहे, पाणी तोडल्याचा ताण. तसंच 'फ्रूट ड्रॉप' म्हणजे फळगळ, 'बडिंग' म्हणजे डोळा भरणं, 'रूटस्टॉक' म्हणजे ज्या जंभेरीवर कलम बांधतात तो खुंट, 'यील्ड' म्हणजे उतारा. त्या दिवशी बाकीचे त्याला विचारत होते. ज्याच्या घरी जे पिकतं, विकतं किंवा बनतं ते त्याचं पहिलं वाचन असावं असं मला तेव्हापासून पक्कं वाटतं, मग ते किराण्याचं दुकान असो, दूध डेअरी असो नाहीतर कळमना मार्केटमधली अडत.

रेसिपी आणि पाकिटं महिनाभर झाली की मग खाण्याच्या इतिहासाकडे आणि परंपरेकडे वळा, कारण तिथे खरे मोठे शब्द आहेत जे परीक्षेत येतात. सगळ्यात आधी मिरचीचा इतिहास वाचा. आपल्या सावजी रश्श्याचा जीव मिरचीत, पण मिरची मूळची अमेरिका खंडातली, ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारतात आली, त्याआधी तिखटपणासाठी इथे मिरी आणि पिंपळी वापरायचे. आलू, टमाटर, मका, भुईमूग, पेरू, सीताफळ, हे सगळेच तिकडून आलेले. हे वाचताना 'नेटिव्ह टू', 'इंट्रोड्यूस्ड', 'कल्टिव्हेट', 'स्प्रेड', 'रिप्लेस', 'ट्रेड रूट', 'स्टेपल' हे शब्द ओळीने भेटतात, आणि पोट्टे स्वतःहून पुढचं शोधतात की मग पोहे कुठले, ज्वारी कुठली. उत्सुकता लागली की डिक्शनरीचा कंटाळा येत नाही, हे मी कितीदा बघितलंय. ज्वारीबद्दल वाचायचं असेल तर २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं होतं, त्या निमित्ताने सोप्या इंग्रजीत खूप मजकूर आला, तो शोधा, फक्त ज्वारीला 'सॉर्गम' म्हणतात एवढं लक्षात ठेवा.

त्यानंतर दुसऱ्या देशांचं. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत खाण्याच्या कितीतरी परंपरा आहेत, फ्रेंचांचं पंगतीचं जेवण २०१० मध्ये, जपानचं वाशोकू २०१३ मध्ये, फ्रान्सचा बगेत पाव २०२२ मध्ये, आणि प्रत्येकाबद्दल छोटी माहिती साईटवर फुकट मिळते. मला स्वतःला कोरियाची किमजांग फार आवडते, तीही २०१३ चीच. हिवाळा लागायच्या आधी घरंच्या घरं, शेजारीपाजारी एकत्र येऊन हिवाळाभराचं किमची, म्हणजे कोबी-मुळ्याचं आंबवलेलं लोणचं घालतात आणि वाटून घेतात. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या, पापड, शेवया घालायला अख्खी गल्ली जमायची ते आठवून वाचा, 'प्रिझर्व्ह', 'ब्राइन', 'फर्मेंट', 'कम्युनिटी', 'पास डाउन' हे शब्द आपलेच वाटतील. इथिओपियाचं पण जरूर वाचा, तिथे टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून इंजेरा करतात, मोठ्या ताटात तो पसरून त्यावर रस्से वाढतात, सगळे एकाच ताटातून तुकडा तोडून खातात, आणि जवळच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात. लग्नातला घास सगळ्यांना माहीत, त्यामुळे 'गेस्चर', 'अफेक्शन', 'शेअर' हे समजावून सांगायची गरजच पडत नाही.

दुसऱ्यांच्या खाण्याबद्दल वाचताना एक पथ्य पाळा. 'ई' आणि 'शी' म्हणणारे शब्द लिहू नका, 'वीअर्ड', 'डिस्गस्टिंग' वगैरे. 'अनफमिलिअर' लिहा, 'डिस्टिंक्टिव्ह' लिहा, 'अक्वायर्ड टेस्ट' लिहा, म्हणजे हळूहळू सवयीने आवडणारी चव. सावजीचा रस्सा पहिल्यांदा खाणाऱ्याच्या डोळ्यातून पाणी येतं, त्याने आपल्या जेवणाला काय म्हणावं असं आपल्याला वाटतं, तेच आपण त्यांच्यासाठी वापरायचं.

बँकवाल्यांनी इथे कान टवकारा. स्वैपाकघरातले हे शब्द अग्रलेखात आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शनमध्ये दुसऱ्या कपड्यात येतात. 'सिमरिंग टेन्शन' म्हणजे आतल्या आत धुमसणारा तणाव, 'हाफ-बेक्ड प्लॅन' म्हणजे अर्धवट विचार करून आणलेली योजना, 'रिलेशन्स सावर्ड' म्हणजे संबंध बिघडले, 'बिटर डिस्प्यूट', 'रॉ डेटा', 'बाँड यील्ड', 'रिस्क अ‍ॅपेटाइट'. ज्याने कढईपाशी 'सिमर' बघितला आहे त्याला धुमसणं शिकवावं लागत नाही. म्हणून वहीत प्रत्येक शब्दासमोर थोडी जागा रिकामी सोडा, पेपरात तो शब्द वेगळ्या अर्थाने दिसला की तिथे ते वाक्य उतरवून घ्या.

उजळणीशिवाय हे सगळं पाण्यात. एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. त्यामुळे पहिली उजळणी त्याच रात्री, दुसरी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. उजळणी म्हणजे परत वाचणं नाही, अर्थ झाकून आठवणं. यासाठी लाइटनर नावाच्या दुसऱ्या एका जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात खोक्याची पद्धत लोकप्रिय केली. संत्रा बर्फीचा रिकामा डबा घ्या, पुठ्ठ्याने तीन कप्पे करा, व्हिजिटिंग कार्डाएवढ्या चिठ्ठ्या कापा. एका बाजूला मराठीत प्रसंग, 'बेसन थापायच्या आधी ताटाला तेल लावणे', दुसऱ्या बाजूला इंग्रजी जोडी. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. बरोबर आली की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकली की परत पहिल्या कप्प्यात. दिवसाला पाच ते सातच नवीन चिठ्ठ्या टाका, उत्साहात तीस टाकल्या की चौथ्या दिवशी डबा उघडायची इच्छा होत नाही.

आठवड्यातून एकदा बोलायचं पण. रविवारी सकाळी दोघं-तिघं मित्र मिळून तर्री पोहे खायला जाताच ना, मग प्लेट हातात आली की प्रत्येकाने बाहेरून आलेल्या पाहुण्याला समजावल्यासारखी पाच वाक्यं इंग्रजीत बोलायची. पोहे कशाचे, तर्री कशाची, चणे भिजवलेले की कसे, वरून काय भुरभुरलं, कसं खायचं. पहिल्या खेपेला मराठी शब्द मधे आले तरी चालेल, पण अडलेला शब्द मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि घरी जाऊन चिठ्ठी करा. थोडं जमायला लागलं की सावजीबद्दल बोला, ही मूळ विणकर असलेल्या हलबा कोष्टी समाजाच्या घरातली चव, मग 'वीव्हर', 'लूम', 'कम्युनिटी', 'लिनसीड ऑइल' म्हणजे जवसाचं तेल, हे सगळं त्यात येतं.

आणि उच्चार. डिक्शनरी अ‍ॅपमधलं स्पीकरचं बटण प्रत्येक शब्दाला एकदा तरी दाबाच. 'रेसिपी' तीन तुकड्यात 'रे-स-पी' असा ऐकू येईल, 'व्हेजिटेबल' मधला मधला भाग जवळजवळ गिळलेला, 'स्टमक' च्या शेवटी 'च' नाही 'क', हॉटेलच्या 'रिसीट' मध्ये 'पी' लिहायचा पण बोलायचा नाही, आणि कणीक मळायच्या 'नीड' मध्ये सुरुवातीचा 'के' गप्प. ऐकलं की लगेच मोठ्याने दोनदा म्हणा, मनात नाही, आणि मगच ती चिठ्ठी डब्यात टाका.